अडुळशाचा श्रावण

विमला घाडी कुठलंही पान आधी चुरगळते, मग हुंगते, मग बघते. कॉलेजात असताना तिने पार्ल्यातल्या एका बंगल्याच्या कुंपणाचा अडुळसा असाच चुरगळला होता. आतून एक बाई धावत आल्या. विमलाने त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे खोकला कोणाला आहे?"

"कोणालाच नाही."

"मग हा कशाला लावलाय?"

"गुरं तोंड लावत नाहीत म्हणून."

पार्ल्यात तेव्हा कुंपणं खाणारी गुरं कुठे होती कोण जाणे. पण विमलाला ते उत्तर फार आवडलं. घरी जाईपर्यंत ती तेच बोलत होती. गुरं तोंड लावत नाहीत इतकं कडू त्या पानात असतं. ते कडू झाड आणतं कुठून? मातीत ते नाही, पाण्यात नाही, उन्हात नाही. म्हणजे झाड ते बनवतं. कशापासून, आणि कोणत्या वाटेने?

मी मराठी घेऊन बी.ए. झाले. पार्ल्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. मला हा प्रश्न तेव्हा कवितेसारखा वाटला आणि मी तो तिथेच सोडून दिला. विमलाने तो धरून ठेवला.

आमची ओळख कॉलेजच्या भित्तिपत्रकावरची. मजकूर तिचा, अक्षर माझं. तिचं अक्षर तिला स्वतःलाही वाचता येत नाही. अजूनही येत नाही, म्हणून ही गोष्ट मला जवळून बघायला मिळाली.

तिचं घर कांजूरमार्गला, चाळीत, पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. वडील काशीराम घाडी गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली नाही. ते भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आई शांताबाई मालवणकडची. चाळीत तीस वर्षं काढली, पण तिची भाषा अजून गावाकडेच राहते. विमला एम.एस्सी. झाली आणि मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लागली. कंपनी खोकल्याचं औषध बनवायची, अडुळशाचं. विभागाचे प्रमुख डॉ. श्यामसुंदर यांनी तिला सांगितलं, तू हाच अडुळसा घे आणि त्याच्यावर पीएच.डी. कर.

"बघ," ती मला म्हणाली होती, "त्या पार्ल्याच्या बाई आता मला पगार देतायत."

तिथे एक मशीन होतं. मास स्पेक्ट्रोमीटर. मी ते एकदा पाहिलं. कपाटाएवढं, थंड खोलीत ठेवलेलं, चपला बाहेर काढून आत जायचं. ते चालवायचा अंबादास इंगोले. हा अकोल्याचा, विमलापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, आणि मशीनबद्दल सासऱ्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. "आज तब्येत बरी नाही त्यांची. आज काही मागू नका."

हे मशीन करतं काय, ते मला विमलाने त्यांच्या मोरीत नारळ सोलता सोलता सांगितलं.

"हा अख्खा तोललास तर काय कळेल?"

"वजन."

"आणि फोडलास तर?"

"खोबरं किती, पाणी किती."

"झालं. मशीनमध्ये दोन पद्धती आहेत. एक मऊ. ती रेणू अख्खा ठेवते आणि वजन सांगते. दुसरी राकट. ती रेणू फोडते आणि तुकड्यांची वजनं सांगते. नुसत्या वजनावरून आत काय आहे कळत नाही. नुसत्या तुकड्यांवरून कधीकधी कळत नाही की नारळ एक होता की दोन. दोन्ही जोडून बघितलं तर कळतं."

झाडाच्या पोटातली वाट शोधायची तिची रीत अशी. झाड ज्यापासून कडू बनवत असेल असा अंदाज आहे, तो पदार्थ घ्यायचा. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेला मागवायचा. झाडाला फरक कळत नाही, मशीनला कळतो. तो पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत भरायचा, अडुळशाच्या खोडात सुई घालून कापसाची वात ओवायची आणि वातीचं टोक बाटलीत सोडायचं. झाड वातीतून पितं. काही दिवसांनी पानं तोडायची. पानातलं कडू जड झालं असेल तर अंदाज बरोबर.

वाती शांताबाई वळून द्यायच्या. देवाच्या वळता वळता आठ-दहा लांब वळायच्या. "ह्यो तुज्या झाडांच्यो," असं म्हणून बाजूला ठेवायच्या.

झाडं आधी कंपनीच्या आवारात होती. पण कामगारांना खोकला होतो, वॉचमनला होतो, वॉचमनच्या बायकोला होतो. अडुळसा दिसला की मराठी माणूस पानं तोडतो. विमलाने पाटी लावली. पाटी वाचून लोकांना खात्री पटली की झाड औषधी आहे. शेवटी एका सकाळी नुसत्या काड्या उभ्या होत्या. मग तिने डॉक्टरांची परवानगी काढून नवी कलमं लावली आणि कुंड्या घरी, गॅलरीत आणल्या. डॉक्टरांची अट एकच होती. नळाच्या पाण्याशिवाय काही घालायचं नाही.

विमलाने आईला बजावलं, "खत घालायचं नाही. शेण नाही, राख नाही, चहाचा चोथा नाही."

"नाय घालूचंय," आई म्हणाली.

तिने घातलंही नाही.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा, म्हणजे शहाऐंशीच्या जानेवारीपासून, विमलाने पानं मशीनमध्ये घालायला सुरुवात केली. मशीन आठवडाभर वरच्या लोकांचं. ज्युनियर लोकांना रविवार. त्यामुळे रविवारी ती घरी कधीच नसायची. पद्धत मऊ घेतली होती, कारण मशीनमध्ये तीच बसवलेली होती. राकट बसवायची तर आतली निर्वात पोकळी सोडून मशीन उघडावं लागतं, पुन्हा बंद करून पंप चालवत बसावं लागतं. तेवढ्यासाठी कोणी परवानगी देत नव्हतं.

सहा महिने पानं जेमतेम जड निघत होती. जड रेणू होते, पण थोडे. डॉक्टर काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नसले की विभाग घाबरायचा. हेड ऑफिसने विचारणा केली होती, या अडुळशाचं पुढे काय. सप्टेंबरात हेड ऑफिसचे लोक येऊन ठरवणार होते. दाखवण्यासारखं काही नसेल तर काम बंद आणि विमलाची बदली खाली कारखान्यात, गोळ्या तपासायला. पीएच.डी. तिथेच संपली असती.

मग श्रावण आला आणि पानं जड निघायला लागली. नुसती थोडी नव्हे. विमलाने मला आलेख दाखवला. सहा महिने जमिनीलगत सरपटणारी रेघ श्रावणात उभी राहिली होती.

डॉक्टर पहिल्यांदा हसले, असं अंबादास सांगतो. त्यांनी अर्थ लावला की पावसाळ्याच्या या टप्प्यात झाड कडू बनवण्याचं काम जोरात करतं. म्हणजे पाला श्रावणात तोडावा. हे हेड ऑफिसला कळण्यासारखं होतं. पाला कधी विकत घ्यायचा, याचं उत्तर.

गौरी-गणपतीसाठी काशीरामकाका गावी गेले. विमलाला सुटी नव्हती, म्हणून आई तिच्यासोबत राहिली. गौरी गेल्या. पुढच्या शुक्रवारी हेड ऑफिसचे लोक येणार होते. शनिवारी संध्याकाळी मशीनचा पंप बंद पडला.

"वाट लागली," अंबादास म्हणाला. "सासरेबुवा उघडावे लागणार."

म्हणून त्या रविवारी विमला घरी होती. मीही गेले होते. प्रोजेक्टरवर दाखवायच्या पारदर्शक कागदांवर मला तिचा मजकूर लिहायचा होता. आम्ही खोलीत जमिनीवर बसलो होतो. मी मथळा लिहीत होते: श्रावणातील वाढ, असं काहीतरी, इंग्रजीत. बाहेर कोळीण येऊन गेली. शांताबाई मोरीत मांदेली साफ करत होत्या आणि मजेत होत्या. श्रावण, मग गणपती, एवढ्या दिवसांनी घरात मासे आले होते.

त्या मोरीतून उठल्या. हातात टोप. आमच्या मधून वाट काढत गॅलरीत गेल्या आणि टोप एकेका कुंडीत ओतायला लागल्या.

विमलाने मान वर केली.

"आई, काय करतेस?"

"झाडांका पाणी घालतंय."

"कसलं पाणी?"

"मांदेली धुतलेला."

विमला उठली नाही. तिने हळू आवाजात विचारलं, "नेहमी घालतेस?"

"मासे असले की घालतंय. म्हयनोभर खंय मासे होते? बघ कशी सुकली बिचारी."

"मी सांगितलं होतं ना, खत घालायचं नाही."

"खत खंय घातलंय? पाणी घातलंय." शांताबाईंना खरंच कळत नव्हतं. "गावाक माडाक ह्याच घालतत. मिरचेक ह्याच. तुजी झाडां काय माळकरी असत?"

मी हसले. मग विमलाकडे पाहिलं आणि थांबले.

ती कागदावरच्या रेघेकडे बघत होती. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. ती मला सांगत होती की स्वतःला, ते माहीत नाही, पण ती बोलायला लागली.

"सहा महिने मासे. झाडाचं पोट भरलेलं. त्याने आपला माल आपणच भरपूर बनवला. माझं वातीतलं त्या गर्दीत मिसळून गेलं. म्हणून जड कमी. श्रावणात मासे बंद. झाड उपाशी. मग जे वातीतून मिळेल ते प्यायलं. म्हणून जड जास्त." ती थांबली. "पावसाचा काही संबंध नाही, नंदा. हा आमच्या जेवणाचा आलेख आहे."

शांताबाई टोप घेऊन दारात उभ्या होत्या. आपल्या हातून काहीतरी झालं एवढं त्यांना कळलं होतं.

"वाईट झाला काय?"

"झालं थोडं."

"मगे सांगा नको." त्यांनी आवाज खाली आणला. गॅलरीत दुसरं कोणी नव्हतं. "मी कोणाक सांगूक जातंय? नंदा सांगूची नाय. मांदेली तर मेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी खरंच सांगणार नव्हते. शुक्रवार पाच दिवसांवर होता आणि रेघ इतकी सुंदर होती.

विमला उठली. कुंडीतली माती चिमटीत घेऊन तिने हुंगली.

"कंपनी श्रावणात पाला विकत घेईल, आई. दरवर्षी. आपण मासे खात नाही म्हणून."

मग तिने हात धुतले आणि जेवायला बसली. मांदेली खाल्ली. दुसऱ्यांदा वाढूनही घेतली. मी माझ्या ताटातली मांदेली नुसती बाजूला सारत होते.

सोमवारी ती डॉक्टरांकडे गेली. ते मी नंतर तिच्याकडूनच ऐकलं. डॉ. श्यामसुंदर म्हैसूरकडचे, मुंबईत वीस वर्षं राहिलेले, अंडंही न खाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आठवड्यातून किती वेळा?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार, सर."

"सोमवारी नाही?"

"सोमवारी आई महादेवाचा उपास करते."

अट त्यांची होती, परवानगीही त्यांचीच होती. शेवटी म्हणाले, "शुक्रवारी मी बोलणार होतो. आता तू बोल. आहे ते बोल." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं, असं विमलाला वाटलं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

ती मशीनच्या खोलीत आली तेव्हा अंबादास बाह्या वर सारून बसला होता. पंप दुरुस्त झाला होता. मशीन अजून उघडं होतं.

"घाडीबाई, तोंड का पडलंय?"

तिने सांगितलं. मासे म्हटल्यावर तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "तुझी पानं शिल्लक आहेत?"

"दोन्ही. आधीचीही, श्रावणातलीही."

"मग ऐक. हे उघडंच आहे. उद्या मला बंद करायचंय. बंद करताना मऊच्या जागी राकट बसवून टाकतो. परवानगी कसली मागायची? दुरुस्ती चालू आहे." त्याने पाना उचलला. "किती आहे ते तुझं चुकलं. कुठे आहे ते तर बघ."

मला हे वाक्य फार आवडलं. त्याने ते सहज म्हटलं होतं, नट फिरवता फिरवता.

गुरुवारी दुपारी मी छापखान्यातून सुटी घेऊन मुलुंडला गेले, कागद नव्याने लिहायला. मशीनमधून कागदाची लांब पट्टी येत होती. तिच्यावर उभ्या रेघा, काही उंच, काही ठेंगण्या. विमला जमिनीवर बसून पट्ट्या शेजारी शेजारी लावत होती. एका बाजूला मासे खाल्लेल्या झाडाच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला उपाशी झाडाच्या.

"ही बघ," ती म्हणाली. "रेणू फुटला. हा एक तुकडा, हा दुसरा. जड कुठे आहे?"

मी पाहिलं. तिने बोट ठेवलं होतं म्हणून मला दिसलं. एका तुकड्याच्या रेघेशेजारी आणखी एक रेघ होती, जरा उजवीकडे, जड. दुसऱ्या तुकड्याशेजारी काही नव्हतं.

"आता इकडे बघ."

मासे खाल्लेल्या झाडाच्या पट्टीवरही तेच होतं. शेजारची रेघ ठेंगणी होती, पण त्याच तुकड्याशी, त्याच जागी होती.

"म्हणजे?"

"म्हणजे पोट भरलेलं असो की रिकामं, झाड कडू बनवतं त्याच वाटेने. रेणूचा हा अर्धा भाग मी दिला त्यातून येतो. तो अर्धा दुसरीकडून कुठूनतरी. वाट तीच. फक्त वाटेवर गर्दी किती, तेवढंच बदललं." तिने दोन्ही हात पट्ट्यांवर सपाट ठेवले, वाऱ्याने उडतील म्हणून. खोलीत वारा नव्हता.

मी तिच्याकडे बघत राहिले. मी तिला सहा-सात वर्षं ओळखते. तिने पार्ल्याच्या त्या बाईंना जो प्रश्न विचारला होता, त्याचं अर्धं उत्तर जमिनीवर पसरलेलं होतं. आणि ते तिच्या आईच्या टोपामुळे तिथे होतं. अंबादास म्हणाला, "साहित्यवाल्यांची बोलती बंद झाली."

शुक्रवारी मी मागे, प्रोजेक्टरपाशी बसले होते. कागद बदलायला. हेड ऑफिसचे तिघे आले होते. मधले चंद्रप्रकाश साहेब, पांढऱ्या केसांचे, कंपनीच्या खरेदीचं सगळं त्यांच्याकडे. डॉक्टर कोपऱ्यात बसले होते, हात बांधून.

विमलाने पहिला कागद रविवारचाच लावायला सांगितला. ती सुंदर रेघ.

"हा आलेख बघून पाला श्रावणात घ्यावा असं वाटेल," ती म्हणाली. "घेऊ नये. हा ऋतूचा आलेख नाही. माझी आई या झाडांना मासे धुतलेलं पाणी घालत होती. श्रावणात आमच्याकडे मासे करत नाहीत."

ती इंग्रजीत बोलायचं ठरवून आली होती. पण हे ती मराठीत बोलली, आणि ज्या तिघांना ऐकायचं होतं त्या तिघांना मराठी कळत होती.

मग तिने मऊ आणि राकट सांगितलं. पट्ट्या दाखवल्या. नुसत्या एका पद्धतीवर विसंबले होते म्हणून मी फसले, दुसरी जोडली तेव्हा कळलं, असं सरळ म्हणाली.

ती थांबली. चंद्रप्रकाश साहेबांनी चष्मा काढला.

"कुठले मासे?"

"जास्त करून मांदेली, सर. कधी बोंबील. महिन्याच्या सुरुवातीला पापलेट."

"बोंबलाच्या पाण्याने वेगळा फरक पडेल?"

"माहीत नाही, सर. अजून बघितलं नाही."

त्यांच्या शेजारचा हसला. साहेब हसले नाहीत. ते डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी. हिनेच सांगितलं."

"आणि तुम्ही हिला थांबवलं नाहीत?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मी पहिला आलेख बघून खूश झालो होतो. ते माझं चुकलं. ही वाट मात्र बरोबर आहे. ती मी स्वतः तपासली, काल रात्री, पट्ट्या घरी नेऊन."

विमलाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिला ते माहीत नव्हतं.

तिघे बाहेर जाऊन बोलले. आम्ही आत बसलो. अंबादास दारातून डोकावून गेला. विमला टेबलावरचं एक पान चुरगळत होती, हुंगत नव्हती.

काम चालू राहिलं. एक वर्ष. अट अशी की झाडं पुन्हा लावायची, दोन रांगांत. एका रांगेला नळाचं पाणी, एका रांगेला माशांचं, मोजून. दोन्ही रांगांची पानं दोन्ही पद्धतींनी बघायची. मशीन आता रविवारखेरीज आठवड्यात मधल्या दिवशीही मिळेल. अर्धा रेणू दुसरीकडून येतो, तर ते दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही शोधायचं. रांगा कुठे लावायच्या, असा प्रश्न निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आवारात नको. तिथे सगळ्यांना खोकला आहे."

त्यामुळे रांगा पुन्हा कांजूरच्या गॅलरीत आल्या. मागच्या रविवारी डॉक्टर स्वतः बघायला आले. खुर्चीवर अंग चोरून बसले. शांताबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात चहा केला, घासून घासून धुतलेल्या, आणि ते त्यांना तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती घालता. शांताबाई म्हणाल्या, "टोपभर." डॉक्टरांनी टोप मागितला, आत बघितलं आणि विमलाला म्हणाले, "याचं माप घे."

ते गेल्यावर विमला माप घ्यायला बसली. काशीरामकाका कुंड्या सरकवून रांगा सरळ करत होते. गिरणीत साचे, म्हणजे माग, सरळ ठेवायची सवय, एक डोळा मिटून बघत होते. मी कुंड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, कारण अक्षर माझं.

शांताबाई बोंबील धुतलेलं पाणी घेऊन आल्या. उजव्या रांगेला घातलं, माप बघत, ओठ आवळून. मग नळाचं पाणी घेऊन डाव्या रांगेपाशी आल्या. तिथे जरा घुटमळल्या. त्यांना ते जमत नव्हतं. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि एकाला नाही, हे त्यांनी आयुष्यात केलेलं नाही.

"आई, नळाचंच," विमला आतून म्हणाली, न बघता.

"होय गो, नळाचाच."

त्यांनी नळाचं पाणी घातलं. पानांवरून ओला हात फिरवला आणि डाव्या रांगेची समजूत घातली.

"तुमचो श्रावण अजून सरूक नाय."